चिवट दुखणे आणि उतावीळ पालक



वार्षिक अंकासाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला की आम्ही बहुधा एखाद्या जुन्या ग्रंथकाराकडे किंवा इतिहासाच्या एखाद्या पानाकडे वळतो. आमचे शिक्षण कलाशाखेचे. तेव्हा पायाखालची वाट तीच. यंदा मात्र विषय आम्ही निवडला नाही, विषयानेच आमची निवड केली. गेल्या आषाढात तो आमच्या घरी आला आणि शिमग्यापर्यंत मुक्काम ठोकून राहिला. तो विषय म्हणजे लहान मुलांच्या डोक्यावर होणारे गजकर्ण. आम्ही काही वैद्य नव्हे. परंतु एका पालकाने आठ महिन्यांत ज्या चुका केल्या आणि त्या चुकांतून जे थोडेफार ज्ञान मिळवले, ते इतर पालकांच्या व मुलांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रारंभ

आमची धाकटी कन्या तेव्हा तिसरीत होती. शाळेत जाण्यापूर्वी तिच्या दोन वेण्या घालताना आमच्या सौ.ना उजव्या कानामागे रुपयाएवढा एक चट्टा दिसला. तेथील केस विरळ झाले होते आणि त्वचेवर राखेसारखा भुरा कोंडा धरला होता. पावसाळ्यात केस नीट सुकत नाहीत, कोंडा व्हायचाच, असे म्हणून आम्ही खोबरेल तेल चोळण्याचा सल्ला दिला आणि विषय संपवला. पंधरा दिवसांत चट्टा लिंबाएवढा झाला. त्या जागी केस मुळाशीच तुटलेले दिसत. जणू कोणी त्वचेवर शाईचे बारीक ठिपके दिले असावेत.

आमच्या मातोश्रींनी ते पाहिले आणि "खवडे आहेत हे" असे निदान केले. परसात पावसाळ्याबरोबर तायकिळा माजला होताच. त्याचा पाला वाटून लेप सुरू झाला. या तायकिळ्याला मराठीत टाकळा म्हणतात आणि संस्कृतात त्याचे एक नाव चक्रमर्द. चक्राकार चट्ट्यांचे मर्दन करणारा, असा त्या नावाचा अर्थ. दद्रुघ्न हे त्याचे दुसरे नाव; दद्रु म्हणजे गजकर्ण. तेव्हा मातोश्रींचा उपाय परंपरेला सोडून नव्हता, हे आम्ही आदराने नमूद करतो. अंगावरच्या चट्ट्याची गोष्ट वेगळी. डोक्यावरच्या चट्ट्याला मात्र तो पुरा पडला नाही. का पुरा पडला नाही, हे आम्हांस पुढे कळले.

त्यानंतरची चूक सर्वस्वी आमची. औषधाच्या दुकानात जाऊन आम्ही "गजकर्णाचे मलम द्या" म्हणून सांगितले आणि जी नळी हाती आली ती घेऊन आलो. चार दिवसांत खाज थांबली, लाली गेली. आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी त्याच जागी लिंबाएवढी मऊ, सुजलेली गाठ आली. तीतून पू वाहू लागला, मानेमागे गोळे आले आणि पोरीला तापही भरला. गळू आहे, चीर देऊन पू काढावा लागेल, असे शेजारपाजारी म्हणू लागले. मुलगी आरशासमोर उभी राहीनाशी झाली. श्रावणात आजी हौसेने आबोलीचे वळेसर करते. तेही ती माळेना. एका रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, "बाबा, माझे केस परत येतील ना?" आम्ही "येतील" म्हणालो खरे, परंतु ते उत्तर ज्ञानाचे नव्हते, केवळ मायेचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला घेऊन बांबोळीच्या इस्पितळात गेलो.

रोगाचे स्वरूप

तेथे त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी गाठीला शस्त्र लावले नाही. त्यांनी चिमट्याने चार-पाच तुटके केस उपटले, थोडा कोंडा खरवडून घेतला, काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशचा द्राव टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले. मग त्यांनी आम्हांसही पाहू दिले. केसाच्या दांड्यात बारीक, गोल बीजुके दाटीने भरलेली होती. "हा जंतही नव्हे, किडाही नव्हे," त्या म्हणाल्या, "ही बुरशी आहे."

वाचकहो, पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत, चामड्याच्या पट्ट्यावर, कपाटातल्या जुन्या पुस्तकांवर जी बुरशी येते, तिच्याच विस्तृत कुळातील ही एक शाखा. हिला त्वचाकवक म्हणतात. आपली नखे, केस आणि त्वचेचा वरचा मृत थर हे केराटिन नावाच्या द्रव्याचे बनलेले असतात. गाईबैलांची शिंगे व खूरही त्याचेच. हे केराटिन पचवण्याची शक्ती फार थोड्या जीवांत आहे, आणि त्वचाकवक त्यांपैकी एक. अंगावर ही बुरशी वाढली की मध्यभागी बरी होत जाते आणि कडेने पसरत जाते. म्हणून चट्टा वाटोळा दिसतो. या वाटोळ्या कडेमुळेच त्वचेखाली एखादा किडा वेटोळे करून बसला असावा, अशी कल्पना युरोपात रूढ झाली. इंग्रजीतील रिंगवर्म हे नाव आणि लॅटिनमधील टिनिया हे नाव, दोन्ही या कल्पित किड्याचीच आहेत. आपल्याकडेही "केसांना कीड लागली" असे म्हणतातच. भाषेच्या अभ्यासकाने यावरून एक गोष्ट शिकावी: नाव शतकानुशतके टिकते, म्हणून ते खरे असतेच असे नाही.

डोक्यावरचे गजकर्ण मुख्यतः दोन वंशांच्या बुरशीमुळे होते. एक मायक्रोस्पोरम आणि दुसरा ट्रायकोफायटन. मायक्रोस्पोरमच्या काही जातींची बीजुके केसाभोवती बाहेरून वेष्टण करतात आणि केस त्वचेच्या थोडा वर तुटतो. त्यांपैकी एक जाती मांजरांच्या व कुत्र्यांच्या अंगावरून मुलांकडे येते. ट्रायकोफायटनच्या काही जाती केसाच्या आत शिरतात. दांडा आतून पोखरला जातो, केस त्वचेशीच तुटतो आणि काळे ठिपके मागे राहतात. भारतात या दुसऱ्या प्रकाराचा आढळ मोठा आहे. आमच्या मुलीच्या केसांतून प्रयोगशाळेत जी बुरशी वाढवण्यात आली, तिचे नाव ट्रायकोफायटन व्हायोलेशियम. तिची वसाहत जांभळट रंगाची असते, त्यावरून हे नाव. ती इतकी सावकाश वाढते की अहवाल हाती यायला जवळजवळ महिना गेला. औषध मात्र डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सुरू केले होते.

आता तायकिळ्याचा लेप का पुरा पडला नाही, ते पाहा. जुन्या घराच्या वाशाला भुंगा लागला, म्हणजे वासा बाहेरून धड दिसतो आणि आतून पोकळ होत जातो. अशा वाशाला बाहेरून कितीही तेलपाणी केले तरी भुंगा सुखरूप राहतो. केसाचेही तसेच. बुरशी त्वचेच्या खाली, केसाच्या मुळाजवळ, दांड्याच्या आत बसलेली असते. लेप, तेल आणि मलम तेथवर पोचत नाही. म्हणून अंगावरचे गजकर्ण मलमाने बरे होते; डोक्यावरचे होत नाही. त्याला पोटात घेण्याचेच औषध लागते.

आणि आमच्या त्या नळीने काय केले? तिच्यात बुरशीविरोधी औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले होते. स्टेरॉइड हे बुरशीला मारत नाही. ते शरीराचा प्रतिकार शांत करते. लाली व खाज ही त्या प्रतिकाराची खूण असते. तेव्हा चोर घरातच राहिला आणि आम्ही फक्त भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधले. स्टेरॉइड थांबल्यावर दबलेला प्रतिकार उसळला, हे ओघानेच आले. जी गाठ आम्हांस गळू वाटली, ती बुरशीविरुद्ध शरीराने पुकारलेल्या जोराच्या लढाईची खूण होती. तिला केरिऑन असे नाव आहे. तीत चीर द्यावी लागत नाही. योग्य औषधाने ती ओसरते. परंतु उपचाराला उशीर झाला तर त्या जागी व्रण राहून केस कायमचे जाऊ शकतात. आज भारतभर अंगावरच्या गजकर्णाचा जो चिवट प्रादुर्भाव झाला आहे, त्याला अशा मिश्र मलमांचा स्वैर वापर हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

शोधाची कथा

मुलीला घेऊन इस्पितळाच्या बाकावर वाट पाहत बसण्याचे प्रसंग अनेक आले. त्या निमित्ताने आम्ही या रोगाविषयी वाचू लागलो आणि एक आश्चर्य हाती लागले. सूक्ष्म जीवांमुळे माणसाला रोग होतो, हे ज्ञान आपण पाश्चर आणि कॉख यांच्या नावांशी जोडतो. परंतु त्यांच्या कितीतरी आधी या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या रोगाने ते दार किलकिले केले होते.

इटलीत आगोस्तिनो बासी या गृहस्थाने १८३५ साली दाखवून दिले की रेशमाच्या किड्यांना मारणारी एक साथ बुरशीमुळे येते. ते वाचून जर्मन वैद्य शेनलाइन यांनी डोक्यावर पिवळ्या खपल्या धरणाऱ्या गजकर्णाच्या एका प्रकाराची तपासणी केली आणि १८३९ साली त्यात बुरशी असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे पॅरिसमध्ये राहणाऱ्या डेव्हिड ग्रुबी या हंगेरीत जन्मलेल्या वैद्याने १८४१ ते १८४४ या काळात डोक्यावरील गजकर्णाचे निरनिराळे प्रकार आणि त्यांच्या बुरशा ओळखल्या. मायक्रोस्पोरम हे नाव त्यानेच दिलेले. परंतु समकालीनांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पन्नास वर्षांनी पॅरिसच्याच रेमाँ साबुरो यांनी ग्रुबीचे काम खरे ठरवले आणि १९१० साली या रोगावर मोठा ग्रंथ लिहिला. बुरशी वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत आजही जे पोषक मिश्रण वापरतात, ते साबुरो यांच्याच नावाने ओळखले जाते.

रोगाचे कारण कळले, तरी औषध मिळायला शंभरांहून अधिक वर्षे लागली. दरम्यान मुलांचे फार हाल झाले. रोगी केस मुळासकट निघाल्याशिवाय रोग जात नाही, हे वैद्यांना कळले होते. म्हणून चिमट्याने एकेक केस उपटत. उपचार महिनोन्महिने चाले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात तर अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा चालवावी लागली, कारण इतर शाळा त्यांना घेत नसत. थॅलियम नावाच्या धातूचे क्षार देऊन केस गळवण्याचा प्रयोगही झाला. तो विषारी ठरला. १९०४ साली साबुरो यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केस गळवण्याची रीत आणली. महिन्यांचे काम दिवसांत होऊ लागले आणि ही रीत जगभर पसरली.

परंतु या सोयीची किंमत पुढील पिढीने मोजली. इस्रायलमध्ये १९४८ नंतर, प्रामुख्याने उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांतील हजारो मुलांच्या डोक्यांवर गजकर्णासाठी क्ष-किरण सोडण्यात आले. १९७४ साली बारूख मोदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुमारे ११,००० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यात मेंदूच्या व कंठस्थ ग्रंथीच्या अर्बुदांचे प्रमाण वाढलेले दिसले. १९९४ साली तेथील संसदेने त्यांना भरपाई देण्याचा कायदा केला. चांगल्या हेतूने योजलेला उपायही पुढे अपाय करू शकतो, याचे इतके करुण उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही. आमची मलमाची नळी त्यापुढे क्षुल्लक. पण उतावीळपणाची जात एकच.

खरे औषध सापडले ते काट्याने काटा काढावा तसे. १९३९ साली लंडनमध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार्ट या शास्त्रज्ञांनी पेनिसिलियम वंशाच्या एका बुरशीतून ग्रिसिओफल्व्हिन हे द्रव्य वेगळे काढले. बरीच वर्षे ते माणसाच्या उपयोगाचे आहे असे कोणाला वाटले नाही; झाडांच्या बुरशीवर त्याचे प्रयोग होत. १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनिपिगांना ते पोटातून दिले आणि त्यांचे गजकर्ण बरे झाले. लवकरच ते माणसांना दिले जाऊ लागले, आणि केस उपटण्याचा व किरणांचा काळ मावळला.

या कथेत आपल्या गोव्याचेही नाव आहे, हे वाचून मुलांना गंमत वाटेल. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावरचे एक पिवळट चूर्ण मुंबईपासून लंडनपर्यंत "गोवा पावडर" म्हणून विकले जात असे. गोव्यातून येई म्हणून ते नाव. पण ते कोणत्या झाडाचे, हे विकणाऱ्यांसही ठाऊक नसे. १८७५ च्या सुमारास उलगडा झाला की ते ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साठणारे चूर्ण आहे आणि पोर्तुगिजांच्या व्यापारातून गोव्यात आले आहे. ते त्वचेला झोंबे, कपड्यांवर डाग पाडी आणि डोळ्यांत गेले तर मोठी इजा करी. म्हणून डोक्यावर लावण्यास ते धोक्याचेच. तरी त्यातील द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे १९१६ साली सोरायसिस या त्वचारोगावरचे एक औषध तयार झाले. आपले नाव जगात गेले ते आपल्याकडे न उगवणाऱ्या झाडामुळे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

आमची दुसरी चूक

डॉक्टरबाईंनी ग्रिसिओफल्व्हिन लिहून दिले आणि बजावले, "रोज न चुकता, जेवणानंतर, दुधातुपाबरोबर. मी थांबवा म्हणेपर्यंत थांबवायचे नाही." स्निग्ध पदार्थाबरोबर हे औषध अंगी चांगले लागते, म्हणून दुधातुपाचा आग्रह.

चार आठवड्यांत गाठ ओसरली, पू थांबला, ताप तर केव्हाच गेला होता. तेवढ्यात चवथ आली. आम्ही सहकुटुंब मूळ घरी गेलो. माटोळी बांधणे, आरत्या, पाहुणे यांच्या गडबडीत औषध इकडेच राहिले; आणि खरे सांगायचे तर, ते आणायला माघारी येण्याची निकड आम्हांस वाटली नाही. डोके तर बरे दिसत होते! परत आल्यावरही "आता कशाला उगीच गोळ्या" असे म्हणून ते बंदच ठेवले. नवरात्रात वेणी घालताना सौ. एकदम थांबल्या. डाव्या बाजूस नवे काळे ठिपके आले होते.

आम्ही खालमानेने पुन्हा बांबोळीस गेलो. "औषध बदला, रोग फार हट्टी आहे," असे म्हणालो. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी एका कागदावर केसाचे चित्र काढले. "हे औषध बुरशीला मारून टाकत नाही, तिची वाढ अडवते," त्या म्हणाल्या. "ते रक्तातून केसाच्या मुळाशी जाते आणि तेथे नव्याने तयार होणाऱ्या केसात मिसळते. नव्या केसात बुरशी शिरू शकत नाही. पण जुना, पोखरलेला केस वर सरकून निघून जाईपर्यंत ती त्यातच जिवंत असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आता तुम्हीच हिशोब करा, सर." आम्ही केला. चार आठवड्यांत जुने केस पुरते निघून गेलेले नव्हते. औषध थांबताच उरलेल्या बुरशीला नव्या केसांची वाट मोकळी झाली. रोग हट्टी होता हे खरे. परंतु त्याच्या हट्टाला आमच्या उतावीळपणाने खतपाणी घातले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली: "घरात फणी किती?" फणी एकच होती. त्यांच्या सांगण्यावरून घरातल्या सर्वांचीच डोकी तपासली. आमच्या भावाच्या मुलाच्या दाट केसांत दोन-तीन काळे ठिपके निघाले. त्याला खाजही नव्हती की दुखतही नव्हते. अशा वरून निरोगी दिसणाऱ्या माणसांकडूनही रोग परत परत येत राहतो. त्यालाही औषध सुरू झाले आणि घरातील सर्वांनी आठवड्यातून दोनदा बुरशीविरोधी शांपूने डोके धुण्यास आरंभ केला. शांपूने रोग बरा होत नाही, परंतु बीजुकांचा प्रसार कमी होतो.

या खेपेस आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक खूण करीत गेलो. खूण करण्याचे काम मुलीनेच मागून घेतले होते. दसरा गेला, दिवाळी गेली. सुमारे दहा आठवड्यांनी, डिसेंबरच्या मध्यास, तपासणीत बुरशी आढळली नाही आणि डॉक्टरबाईंनी "आता थांबवा" असे सांगितले.

येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. ग्रिसिओफल्व्हिनप्रमाणेच टर्बिनाफिन नावाचे औषधही आज वापरले जाते. ट्रायकोफायटनवर ते अधिक लवकर लागू पडते, तर मायक्रोस्पोरमवर ग्रिसिओफल्व्हिन सरस ठरते. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे मुलाचे वजन व बुरशीची जात पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. आमचा लेख वाचून कोणीही औषधाच्या दुकानात जाऊ नये. तेवढ्याकरिताच तर तो लिहिला आहे.

शाळेचा प्रश्न

आता जे लिहावयाचे आहे, ते लिहिणे आम्हांस सर्वांत जड जाते.

इस्पितळातील पहिल्या भेटीत आम्ही विचारले होते, "किती दिवस शाळेत पाठवू नये?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "कशासाठी? औषध सुरू झाले आहे. ताप उतरला की पाठवा. केस भादरायचेही कारण नाही. फणी, टोपी, रुमाल दुसऱ्याला देऊ नको म्हणावे, म्हणजे झाले." आम्ही गप्प झालो. कारण त्या क्षणी आम्हांस एक मुलगा आठवला.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पाचवीत एक विद्यार्थी होता. त्याच्या डोक्यावर असेच चट्टे होते. आम्ही त्याला शेवटच्या बाकावर एकटे बसवले आणि "पूर्ण बरा झाल्याशिवाय मुलास शाळेत पाठवू नये" अशी चिठ्ठी घरी दिली. बाकीच्या मुलांच्या हिताची काळजी घेतली, असेच आम्हांस वाटले होते. त्याच्या आईने त्याचे डोके भादरले. त्यामुळे रोग गेला नाही, चट्टे मात्र सर्वांना दिसू लागले. तो दीड महिना घरी राहिला. परत आला तेव्हा गणितात मागे पडला होता आणि डोक्यावरची टोपी वर्गातही काढत नव्हता. मुले त्याला एका नावाने हाक मारीत. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. आम्ही ते ऐकले होते आणि एकदाच, तेही थोडक्यात, दटावले होते.

आपल्या मुलीला तसे कोणी नाव ठेवील या धास्तीने आम्हांस झोप लागली नाही, तेव्हा त्या मुलाच्या आईच्या किती रात्री तशा गेल्या असतील, हे कळले. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत दद्रूची गणना कुष्ठांमध्ये केलेली आहे. चरकाने तिला क्षुद्र कुष्ठांत घातले आहे, सुश्रुताने महाकुष्ठांत. त्या काळी वर्गीकरणाचा तो एक प्रकार होता. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो, त्याच्याशी गजकर्णाचा काही संबंध नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही दूर बसवण्याची आपली सवय मात्र त्याच जुन्या भीतीतून आलेली असते. गजकर्ण पापाने होत नाही आणि केवळ अस्वच्छतेनेही होत नाही. रोज न्हाणाऱ्या मुलालाही ते होते. तीन ते चौदा वर्षांच्या मुलांत ते अधिक आढळते. वयात आल्यावर डोक्याच्या त्वचेतील तैलद्रव्य बदलते आणि ते बुरशीला मानवत नाही. म्हणजे मूल असणे हेच त्याचे मोठे कारण. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तो विद्यार्थी आता आमच्याच शाळेत दहावीत आहे. दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही त्याला बोलावून घेतले आणि त्या वेळी आमची चूक झाली होती, असे सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, ती चिठ्ठी आईने अजून ठेवली आहे." याहून अधिक तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही. हे सर्व अंकात लिहावे का, हे मात्र आम्ही त्याला विचारले. "नाव घालू नका," तो म्हणाला. त्याच्या अनुमतीनेच हा मजकूर येथे आला आहे.

ध्यानात ठेवण्यासारखे

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एवढे लक्षात ठेवले, तरी लेखाचे सार्थक होईल. मुलाच्या डोक्यावर वाटोळा चट्टा, तुटके केस, काळे ठिपके किंवा न जाणारा कोंडा दिसला, तर त्वचारोगाच्या डॉक्टरांस दाखवावे. मलमाने तो झाकू नये. औषध सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यावे. चट्टा दिसेनासा झाला म्हणजे रोग गेला, असे नव्हे. घरातील सर्वांची डोकी तपासावीत. मांजर किंवा कुत्रे पाळलेले असेल आणि त्याचे केस झडत असतील तर त्यासही दाखवावे. प्रत्येकाची फणी निराळी असावी. रोग्याच्या फण्या, उशीचे अभ्रे व टॉवेल गरम साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण बीजुके त्यांवर महिनोन्महिने टिकू शकतात. केशकर्तनालयात आपल्यासाठी धुतलेली फणी मागण्यात संकोच मानू नये. आणि वर्गात कोणाच्या डोक्यावर चट्टा दिसला, तर आपली टोपी त्याला देऊ नये. पण आपली जागाही सोडून जाऊ नये. शेजारी बसून धडा वाचल्याने बिघडत नाही.

आमच्या कन्येचे केस परत आले. कानामागे, जेथे गाठ आली होती, तेथे चिंचोक्याएवढी जागा मात्र मोकळीच राहिली आहे आणि ती तशीच राहील, असे डॉक्टरबाई म्हणतात. वेणी घातली की ती दिसत नाही. यंदाच्या शिमग्याला तिने आजीकडून आबोलीचा वळेसर मागून घेतला आणि नेमका त्याच बाजूस माळला. कालनिर्णयाची ती खुणांची पाने आम्ही फाडून टाकली नाहीत. पालकाच्या उतावीळपणावर तेवढा एक वचक घरात असावा, असे आम्हांस वाटते.